ब्रॅकेट वाजेना

“रूळ बंद करा,” आत्याबाई म्हणाल्या.

कोणी हललं नाही. उजव्या ब्रॅकेटवर दुसरा ठोका घालून त्या तशाच वाकून उभ्या होत्या. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाज येईपर्यंत काठावर थांबावं, तशा. आवाज आला नाही. भरल्या पोत्यावर काठी मारावी तसं काहीतरी बद्द झालं आणि तिथेच विरलं.

“मी काय भिंतीशी बोलतेय? बंद करा म्हटलं ना.”

बॉयलरवाल्याने सुपरवायझरकडे बघितलं, सुपरवायझरने ओल्या चादरींच्या ढिगाकडे बघितलं. शेवटी सुनेनेच हात लांबवून लाल बटण दाबलं. आत्याबाईंची सून रुळाच्या उजव्या टोकाशी उभी राहून चादरी आत घालायची, बटण तिच्या हाताशीच होतं. रूळ घरघरत थांबला. त्याखाली अडकलेली चादर पिवळी पडायच्या आत सासू-सुनेने ओढून काढली.

हा इस्त्रीचा रूळ. दोन माणसं डोक्याला पाय लावून झोपतील एवढा लांब, पोटात वाफ भरलेला, वजनाला भरल्या गाडीसारखा. शहरातल्या तीन इस्पितळांच्या चादरी या लॉन्ड्रीत येतात. पुढून ओल्या घालायच्या, मागून कडक कोरड्या काढायच्या. घालणारीचे हात रुळापासून वीतभर लांब, त्याहून जास्त नाही. आणि तो सगळा तापलेला बोजा तोलून धरतात ते दोन बाजूंचे दोन ब्रॅकेट. चार वर्षांपूर्वी जुन्या रुळाचा एक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ब्रॅकेट भर कामात तुटला होता. चादर घालणाऱ्या बाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत रुळाखाली गेले. ती बाई आता गावी असते, असं म्हणतात. त्या सकाळी तो ब्रॅकेट ठोकून ‘बरा आहे’ म्हणणाऱ्या आत्याबाईच होत्या. त्यांना कोणी दोष दिला नाही. तडा आतून होता, बाहेर ऐकू आला नसता, असं मोठमोठ्या माणसांनी सांगितलं. आत्याबाईंनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून त्यांची झोप पहाटे तीनला मोडू लागली.

ठोकणं हेच त्यांचं काम. एकतीस वर्षांचं. हे त्यांना सासऱ्यांनी शिकवलं. सासरा बोलायचा कमी, ठोकायचा जास्त. घरात नव्हे, कारखान्यात. रोज सकाळी वाफ सोडायच्या आधी, लोखंड थंडगार असताना, अर्ध्या किलोची हातोडी घेऊन छत्तीस जागी ठोके घालायचे. धड असलेला धातू वाजतो, आणि वाजून थोडा रेंगाळतो. तडा गेलेला बोलता बोलता गप्प होतो. आगगाडीची चाकं ठोकून बघणारा माणूस असतो ना, तसंच. शाळा चार इयत्ता, पण ठोक्याच्या बाबतीत आत्याबाईंच्या शब्दापुढे इंजिनियरसुद्धा जात नसे. गेलाच तर लगेच परत यायचा. त्यांच्या जिभेला त्यांच्या हातोडीपेक्षा धार होती.

आज मात्र सगळं उलटं झालं होतं. इस्पितळातून दुप्पट माल आला म्हणून सात वाजताच वाफ सोडली गेली, आठ वाजता रूळ सुरू झाला, आणि आत्याबाई आल्या साडेनवाला. ठोके न घालता रूळ फिरला, असं एकतीस वर्षांत पहिल्यांदा झालं. दारातच त्यांनी बॉयलरवाल्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, हातोडी उचलली आणि तापल्या ब्रॅकेटवर ठोका घातला.

उशीर का झाला, ते त्या सांगणार नव्हत्या. गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाते, असं घरी सांगून त्या निघाल्या होत्या. गेल्या होत्या कानाच्या.

तिथे त्यांच्या कानांवर काळे भोपळे बसवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आवाज काही येईना, पण समोरच्या काचेत डॉक्टरीणबाईंचा हात हललेला दिसायचा. तो हलला की आत्याबाई बटण दाबायच्या. असं पाच-सहा वेळा झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी निमूटपणे त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग आत्याबाई बटण हातात धरून भिंतीवरचा एक खिळा बघत बसल्या. फार वेळ बसल्या.

वरचे बारीक आवाज गेलेत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मशीनच्या कल्लोळात इतकी वर्षं काढली की असंच होतं. जे गेलं ते परत येत नाही, उरलेलं सांभाळा. आत्याबाई म्हणाल्या, बारीक आवाज मला हवेत कशाला, बारीक आवाजात लोक फक्त कागाळ्या करतात. डॉक्टरीणबाई हसल्या. आत्याबाई जिना उतरून खाली आल्या आणि कठड्याला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

हे त्यांना नवीन नव्हतं. आठ महिन्यांपासून त्यांना ठोक्याचा आवाज पुरता लागत नव्हता. पण कान गेला तरी बोट होतं. उजव्या हाताने ठोका घालायचा आणि डाव्या हाताचं पहिलं बोट धातूच्या कडेला हलकेच टेकवायचं. धातू वाजला की थरथर बोटातून कोपरापर्यंत चढायची. कोणाला कळलं नाही. निदान आत्याबाईंना तसं वाटत होतं.

तापलेल्या ब्रॅकेटला बोट लावता येत नाही. आज नुसता कान होता, आणि तो कसला होता ते सकाळीच कळलं होतं.

त्या डाव्या बाजूला गेल्या. डाव्या ब्रॅकेटवर ठोका घातला. तिथेही तेच. बद्द, आणि मग काही नाही.

दोन्ही ब्रॅकेट एकाच दिवशी मरत नाहीत. सहा आठवड्यांपूर्वी बसवलेले नवेकोरे ब्रॅकेट, एक इकडे, एक तिकडे. दोन्ही गेलेत असं ज्याला वाटतं, त्याचंच काहीतरी गेलेलं असतं. म्हणजे हा कान. म्हणजे सगळ्यांसमोर, भर कामात, माल तुंबलेला असताना, आपण आपल्या बहिरेपणापायी रूळ बंद पाडला.

सुपरवायझर तावातावाने आला. आत्याबाईंच्या हातातून हातोडी घ्यायची त्याची छाती नव्हती, म्हणून त्याने पाना उचलला आणि उजव्या ब्रॅकेटवर मारला. मग डाव्यावर मारला. आत्याबाई त्याचं तोंड बघत होत्या. ते पडलं.

“लाकूड ठोकल्यासारखं वाटतंय,” तो म्हणाला. “दोन्हीकडे.”

एक क्षण आत्याबाईंना इतकं हायसं वाटलं की लाज वाटली. कान खोटं बोलला नव्हता. आणि त्याच्या पुढच्याच क्षणी सुनेचे हात दिसले, रुळाच्या पुढ्यात, अजून ओल्या चादरीची कड धरलेले. मग दोन्ही ब्रॅकेट खरंच मेलेत, आणि ही पोर आठ वाजल्यापासून त्यांच्याखाली हात घालतेय.

“लांब हो तिथून,” त्या सुनेवर खेकसल्या. “मुहूर्त काढून देऊ का?”

सून दोन पावलं मागे सरकली. तिला असल्या बोलण्याची सवय होती. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षांत आत्याबाईंनी तिचं कौतुक केल्याचं घरातल्या भांड्यांनीसुद्धा ऐकलं नव्हतं.

सुपरवायझरने फाउंड्रीला, ब्रॅकेट ओतणाऱ्या कारखान्याला, फोन लावला. तिथून धातूवाली आली ती स्कूटरवरून, तासाभराने. हे ब्रॅकेट तिने स्वतः उभं राहून ओतून घेतले होते. जेमतेम तिशीची, केस आखूड, बोटांना काजळीचे डाग. तिच्या पिशवीत तापमान मोजायचं यंत्र होतं आणि त्याच ओतातून काढलेली वीतभर लांबीची एक पट्टी होती. काय झालं ते तिने ऐकून घेतलं आणि ती चक्क हसली.

“गरम असताना ठोकलात ना? तापल्यावर हा मुकाच व्हायला पाहिजे, आत्याबाई. त्यासाठीच केलाय.”

तिने पट्टी दोऱ्याला टांगली आणि तिच्यावर किल्ली मारली. पट्टी वाजली असावी, कारण बॉयलरवाल्याने मान डोलावली. मग तिने ती पट्टी हातइस्त्रीच्या तापल्या तव्यावर ठेवली, थोड्या वेळाने चिमट्याने उचलून परत टांगली आणि किल्ली मारली. आता कोणीच मान डोलावली नाही.

मग तिने समजावून सांगितलं, आणि बरं सांगितलं. पट्टी ॲल्युमिनियमची. पण ओतताना तिच्यात कथील आणि बिस्मथ टाकलंय. बिस्मथ म्हणजे कथिलासारखाच एक लवकर वितळणारा धातू. हे दोन्ही ॲल्युमिनियममध्ये विरघळत नाहीत, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक मणी होऊन आतल्या आत अडकून बसतात. शेकडा पाच, जास्त नाहीत, म्हणून बाकीचं अंग घट्टच राहतं. थंडीत ते मणी घट्ट असतात, तेव्हा पट्टी वाजते. एकशे चाळीसच्या आसपास मणी वितळतात. मग बाहेरून थरथर आली की ती या थेंबांमध्ये जिरते, पुढे जात नाही. जुने ब्रॅकेट रुळाच्या थरथरीने थकून तुटायचे. हा ती थरथर पिऊन टाकतो.

“म्हणजे वाजतो तो थंड,” आत्याबाई म्हणाल्या, “आणि काम करतो तो मुका.”

“अगदी बरोबर.”

“माझ्या नवऱ्याचं याच्या उलट होतं.”

बॉयलरवाला तोंड फिरवून हसला. पण आत्याबाईंनी ते हसण्यासाठी म्हटलं नव्हतं. भीती वाटली की त्यांच्या तोंडून असं काहीतरी निघायचं. एकतीस वर्षं थंड लोखंडावर ठोके घातले, गरम ठोकायची वेळच आली नाही. साध्या बिडाला गरम काय, थंड काय, फारसा फरक पडला नसता. या नव्या धातूची रीत वेगळी, आणि ती त्यांना कोणी सांगितली नव्हती. धातूवालीला वाटलं सुपरवायझरने सांगितलं असेल. सुपरवायझरला वाटलं आत्याबाईंना काय सांगायचं.

ठरलं असं, की वाफ बंद करायची आणि ब्रॅकेट एकशे चाळीसच्या खाली आले की पुन्हा ठोकायचं. वाजले की रूळ सुरू. सुपरवायझरने घड्याळ बघितलं आणि इस्पितळाला फोन लावायला गेला.

सगळे वाट बघत उभे राहिले. धातूवाली दर पाच मिनिटांनी यंत्राची सुई ब्रॅकेटला लावून आकडा मोठ्याने सांगत होती. एकशे पन्नास. एकशे बेचाळीस. एकशे तीस झाल्यावर ती आत्याबाईंना म्हणाली, बघा आता.

आत्याबाईंनी डावा ठोकला. उजवा ठोकला. त्यांना दोन्ही मेलेलेच लागले, पण आता त्या कानाकडे लक्ष देत नव्हत्या. त्या तोंडं बघत होत्या. सकाळी काचेत डॉक्टरीणबाईंचा हात बघितला होता तशी. कोणाच्याच तोंडावर आवाज नव्हता.

“नाही वाजत,” त्या म्हणाल्या.

धातूवालीच्या कपाळाला आठी पडली, मग सुटली. अजून थांबायला लागेल, ती म्हणाली. तापताना मणी एकशे चाळीसला वितळतात हे खरं, पण निवताना तिथेच गोठतील असं नाही. इतका बारीक थेंब असला की गोठायला कुठून सुरुवात करायची हेच त्याला कळत नाही. तो शंभरपर्यंत, कधी त्याच्याही खालीपर्यंत पातळच राहतो.

“रुसायला क्षण, निवळायला दिवस,” आत्याबाई म्हणाल्या. “एवढं सांगायला शाळा कशाला लागते?”

पण धातूवालीच्या पहिल्या सांगण्यात ही दुसरी गोष्ट नव्हती. एक गोष्ट राहून गेली असेल तर आणखीही राहिली असतील.

सत्त्याण्णव आकडा झाला तेव्हा बारा वाजून गेले होते. इस्पितळातून दुसऱ्यांदा फोन आला होता. ऑपरेशनच्या चादरी दोनपर्यंत पोचल्या नाहीत तर ते दुसरीकडे माल देणार होते. सुपरवायझर येरझारा घालत होता. आत्याबाईंनी डाव्या ब्रॅकेटवर ठोका घातला.

बॉयलरवाल्याचा चेहरा उजळला. धातूवालीने खांदे सैल सोडले. वाजला होता तर.

आत्याबाईंना काहीही ऐकू आलं नव्हतं.

त्या उजव्या बाजूला गेल्या. ही दहा पावलं त्यांना फार लांब वाटली. ठोका घातला. वर बघितलं. सुपरवायझर मान डोलावत होता. “वाजला,” तो म्हणाला, “वाजला की. चला, वाफ सोडा.” बॉयलरवाला त्याच्याकडे बघून मान डोलवायच्या बेतात होता. धातूवाली तिकडे डाव्या बाजूलाच आकडा लिहून घेत होती, तिचं लक्ष नव्हतं. आणि सून आपल्या पायांकडे बघत होती.

आत्याबाईंना बोट लावायचं होतं. सत्त्याण्णववर बोट लावलं तर कातडी राहील ब्रॅकेटला.

सगळी त्यांच्या शब्दासाठी खोळंबली होती. इथली रीतच तशी. सुपरवायझर काहीही म्हणो, आत्याबाई ‘बरा आहे’ म्हणेपर्यंत वाफ सुटत नाही. दोन शब्द बोलले की काम संपलं, घरी जाऊन भिंतीला टेकून बसायचं, आणि कोणाला कधीच काही कळलं नसतं. आत्याबाईंनी तोंड उघडलं, आणि चार वर्षांपूर्वी हेच दोन शब्द म्हणताना आपला आवाज किती निश्चिंत होता ते त्यांना आठवलं.

“मला ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या.

सुपरवायझर म्हणाला, म्हणजे काय, आत्ताच तर वाजला.

“मला ऐकू येत नाही म्हणजे मला ऐकू येत नाही. आज नाही, आठ महिन्यांपासून. बोट लावून सांगत होते. गरम आहे म्हणून बोट लावता येईना. आता डोळे वटारून बघू नका, बहिरी झालेय, आंधळी नाही.”

त्या वळल्या आणि त्यांनी हातोडी सुनेपुढे धरली.

“घे. ठोक. तुझे हात जायचेत त्याखाली, सुपरवायझरचे नाही. काय ऐकू येतं ते सांग, आणि खोटं बोललीस तर याद राख.”

सुनेने हातोडी घेतली. आधी डाव्या बाजूला जाऊन ठोकली, ऐकलं, परत उजव्या बाजूला आली. ठोकली. पुन्हा ठोकली. कान जवळ नेऊन तिसऱ्यांदा ठोकली. मग ती सासूच्या अगदी समोर उभी राहिली, आत्याबाईंना ओठ दिसतील अशी, आणि सावकाश बोलली.

“डावा वाजतो, आई. उजवा नाही वाजत.”

“नक्की?”

“नक्की. आणि तुम्ही बोट लावता ते मला ठाऊक होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

सुनेने हातोडी खाली टेकवली.

“तुमच्याशी बोलून आजवर कोणाचं भलं झालंय?”

आत्याबाईंनी सुनेच्या हातांकडे बघितलं. ही पोर सगळं ठाऊक असून रोज सकाळी त्या रुळापुढे उभी राहत होती, कारण रुळापेक्षा सासूच्या तोंडाची भीती जास्त होती.

धातूवाली धावत इकडे आली होती. तिने सुई लावली. उजवा शहाण्णव. डाव्यापेक्षा एक अंश कमीच. तिने स्वतः ठोकून बघितलं. तिचं हसू आता कुठेच नव्हतं. सगळे मणी एकदम गोठत नाहीत, ती म्हणाली, याचे जरा मागे राहिले असतील, थांबू या. ती हे कोणाला सांगत होती ते कळत नव्हतं.

सुपरवायझर म्हणाला, दोन वाजता माल जायचाय. आत्याबाई म्हणाल्या, मग तुम्ही उभे राहा पुढे, मी वाफ सोडायला सांगते. तो बाजूला गेला.

नव्वद. पंच्याऐंशी. सुनेने ठोकलं, मान हलवली, नाही. अठ्ठ्याहत्तर. नाही. धातूवालीने टांगलेली पट्टी केव्हाच वाजायला लागली होती. ती जाताजाता तिला किल्ली मारून बघायची, आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा आणखी उतरायचा. साठ झालं. नाही. लॉन्ड्रीतली बाकीची मशीनं चालूच होती, पण तिथल्या बायका एकेक करून येऊन लांब उभ्या राहिल्या. कोणी जवळ येत नव्हतं. आजाऱ्याच्या खोलीबाहेर उभं राहतात तशा त्या उभ्या होत्या.

पंचेचाळीस झाल्यावर आत्याबाई पुढे झाल्या. सुनेला म्हणाल्या, ठोक. आणि त्यांनी डाव्या हाताचं बोट ब्रॅकेटच्या कडेला टेकवलं.

थरथर आली. बोटातून मनगटात, मनगटातून कोपरात. पाहिजे तशी नाही, जराशी आखूड, पण आली. रोज यायची तशीच आली.

त्यांनी बोट काढून घेतलं आणि मुठीत दाबून धरलं. या बोटाने हा ब्रॅकेट आज सकाळी पास केला असता. उशीर झाला नसता, वाफ आधी सुटली नसती, तर सात वाजता थंड ब्रॅकेटला हे बोट लागलं असतं, आणि आत्याबाई ‘बरा आहे’ म्हणून पुढे गेल्या असत्या.

“रॉकेल आणा,” त्या म्हणाल्या. “आणि खडूची पूड.”

ही जुनी युक्ती होती, सासऱ्यांच्या वेळची. ब्रॅकेट पार निवल्यावर त्यांनी स्वतः त्याला रॉकेल चोळलं, थोडं थांबल्या, कोरड्या फडक्याने लख्ख पुसलं आणि वरून खडूची पूड फासली. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर दिसतं. पांढऱ्या ब्रॅकेटसमोर सगळे बघत उभे राहिले. दोन मिनिटं काही दिसलं नाही. सुपरवायझरने श्वास सोडला, तेवढ्यात खालच्या बोल्टाच्या भोकापाशी एक ओला ठिपका उमटला. ठिपक्याची रेघ झाली. केसाएवढी रेघ, वाकडी होत वर चढली, आणि ब्रॅकेटच्या अर्ध्याच्या वर जाऊन थांबली.

बॉयलरवाल्याने देवाचं नाव घेतलं. सून मागे सरकून टोपलीतल्या चादरींवर बसली आणि आपले दोन्ही हात उलटे सुलटे करून बघू लागली.

धातूवाली गुडघ्यांवर बसून भिंगातून रेघ बघत होती. ओतताना भोकापाशी पोकळी राहिली असणार, ती म्हणाली, चूक आमची आहे, दोन्ही ब्रॅकेट उतरवून नेते. आत्याबाईंना तिचे शब्द अर्धेच कळले. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावून तिला आपल्याकडे वळवलं.

“हा तडा आजचा का?”

धातूवालीने पुन्हा भिंग लावलं. वेळ लावला. खोटं बोलायचं की नाही ते ती ठरवत होती, हे ऐकू न येणाऱ्या माणसालाही कळत होतं.

“कडा काळ्या पडल्यात,” ती म्हणाली. “आत मशीनचं तेल गेलंय. आजचा नाही. पंधरा दिवस तरी झाले असतील.”

पंधरा दिवस. आत्याबाईंनी मनात पंधरा सकाळी मोजल्या. प्रत्येक सकाळी दोघी एकाच दारातून आत येत, सासू पुढे, सून मागे.

चादरी दुसऱ्या लॉन्ड्रीत गेल्या. सुपरवायझर मालकांना फोन करून आला आणि हात मागे बांधून उभा राहिला. आत्याबाईंनी आता घरी जाऊन आराम करावा, बाकीचं उद्या बघू, असं तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो नाही हेच वाईट होतं.

“बाकीच्या चौतीस जागा कोण बघणार?” आत्याबाईंनी विचारलं. “त्यापण याच बोटाने पास केल्यात. सगळी मशीनं बंद करा.”

सगळी म्हणजे, तो म्हणाला.

“सगळी म्हणजे सगळी. तुम्ही नाही केलीत तर मी त्या बायकांना जाऊन सांगते की ठोकणारी बाई बहिरी होती. मग बघू एक तरी मशीनला हात लावते का.”

मशीनं एकेक करून थांबली. भर दुपारी लॉन्ड्री इतकी शांत झाली की बायका आपोआप हळू बोलायला लागल्या. आत्याबाईंना तो फरक कळला नाही. त्यांना फक्त पट्टे थांबलेले दिसले.

ठोकून झालेल्या प्रत्येक जागी खडूने फुली मारायची त्यांची पद्धत होती. धुण्याच्या पिंपांच्या पायांवर, वाळवणीच्या पंख्यांच्या आडव्या पट्ट्यांवर, वाफेच्या नळांच्या आधारांवर, सगळीकडे कालच्या फुल्या होत्या. त्यांच्या हातच्या, ठसठशीत, एका मापाच्या. आत्याबाईंनी बादलीत फडकं बुडवून पिळलं आणि पहिल्या पिंपापाशी गेल्या.

“चल,” त्या सुनेला म्हणाल्या. “उठ. ठोका मनगटातून घालायचा, खांद्यातून नाही. आणि घाई करायची नाही. कोणी घाई केली तर माझ्याकडे पाठव, तेवढं मला अजून येतं.”

सून उठली. पहिला ठोका निसटता बसला. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. दुसरा नीट बसला. सुनेने कान दिला, संपेपर्यंत दिला, आणि मग सासूकडे बघून मान डोलावली.

आत्याबाईंनी ओल्या फडक्याने आपली फुली पुसली. जागा कोरडी केली. खडू सुनेच्या हातात दिला, आणि ती तिची खूण करीपर्यंत थांबून पुढच्या पायाकडे वळल्या.